सोमवारी पुन्हा शूटिंग

२१ मे १९९९, शुक्रवारची रात्र. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या थिएटरात डेटाइम एमी, म्हणजे अमेरिकेतल्या दिवसाच्या टीव्ही कार्यक्रमांच्या पुरस्कारांचा सोहळा चालू होता. प्रमुख भूमिकेतल्या सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं नाव वाचायला शेमार मूर हा तरुण नट मंचावर आला. त्याने पाकीट उघडलं आणि नावाच्या आधी एवढंच म्हणाला की पराभवांची साखळी अखेर तुटली. ते वाक्य ऐकूनच लोकांना कळलं. सुझन लूची, ‘ऑल माय चिल्ड्रन’ या दुपारच्या मालिकेतली एरिका केन. एकोणिसावं नामांकन, त्याआधी अठरा वेळा हार.

पुढची कित्येक मिनिटं तिला बोलताच आलं नाही, कारण टाळ्या थांबेनात. लोक उभे होते, तिचे सहकलाकार रडत होते. ती हाताने विनवत होती, पुन्हा पुन्हा तोंड उघडत होती आणि पुन्हा टाळ्यांचा लोट येत होता. शेवटी ती बोलली. आभार मानले, आणि भाषण संपवताना सांगितलं की सोमवारी मी परत स्टुडिओत जाणार आहे आणि एरिका केन जीव ओतून साकारणार आहे.

मी मराठी दैनंदिन मालिकांचे संवाद लिहिते. हे चित्रण मी अनेकदा पाहिलं आहे, आणि दर वेळी माझे डोळे त्या ‘सोमवारी’ला भरून येतात. पुरस्काराच्या मंचावरून बोलताना माणसं देवाचं, आईवडिलांचं, स्वप्नांचं नाव घेतात. ही बाई कॉलशीटचं, म्हणजे शूटिंगच्या वेळापत्रकाचं नाव घेते. आमच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा, याहून खरं वाक्य पुरस्काराच्या मंचावर ऐकलं आहे का.

अमेरिकेत टीव्हीच्या कामाला एमी मिळते, पण रात्रीच्या कार्यक्रमांची वेगळी आणि दिवसाच्या कार्यक्रमांची वेगळी. १९७४ साली दिवसाच्या कार्यक्रमांसाठी पहिला स्वतंत्र सोहळा न्यूयॉर्कमध्ये झाला. बाहुली तीच, हातात अणू उंच धरलेली पंखवाली स्त्री. हे वेगळं काढणं मला खटकतं. दुपारी टीव्ही बघणारी बाई आणि तिच्यासाठी केलेलं काम रात्रीच्या मोठ्या मंडळींच्या यादीत बसत नाही, असा त्याचा एक अर्थ होतोच. पण वेगळं काढलं नसतं तर या कामाकडे फारसं कुणी पाहिलं नसतं, हेही तितकंच खरं. स्वतंत्र सोहळ्याच्या आदल्याच वर्षी, १९७३ साली, ‘ऑल माय चिल्ड्रन’मधल्याच मेरी फिकेट यांना एमी मिळाली. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध एका आईने बोललेल्या संवादांनी त्यांचं काम लोकांच्या लक्षात राहिलं होतं. युद्ध चालू असताना, भर दुपारी, घराघरांत एक आई सरकारच्या धोरणाबद्दल बोलत होती. अशा कामासाठी स्वतंत्र सभागृह घ्यावं लागलं, तर घ्यावं.

‘सोप ऑपेरा’ या नावामागचा साबण आता सगळ्यांना ठाऊक आहे. रेडिओच्या काळात साबण आणि घरगुती वस्तूंच्या कंपन्या या कथांचा खर्च उचलत. त्या साबणामागच्या बायका मात्र फारशा ठाऊक नसतात. इर्ना फिलिप्स यांनी १९३० साली शिकागोच्या रेडिओवर ‘पेंटेड ड्रीम्स’ सुरू केली आणि रोजच्या मालिकेची घडी बसवली. त्यांची ‘गायडिंग लाइट’ १९३७ मध्ये रेडिओवर लागली, १९५२ मध्ये टीव्हीवर आली आणि २००९ पर्यंत चालली. बहात्तर वर्षं एकच कथा. मी लिहिलेली सर्वांत लांब मालिका या काळाच्या पासंगालाही पुरणार नाही.

ॲग्नेस निक्सन या फिलिप्स यांच्याच हाताखाली तयार झाल्या. त्यांच्या वडिलांचा प्रेतवस्त्रं बनवण्याचा व्यवसाय होता आणि मुलीने त्यात यावं अशी त्यांची इच्छा होती. लिहिण्याचं खूळ डोक्यातून जावं म्हणून त्यांनी मुलीची फिलिप्सबाईंशी भेट ठरवली. बाईंनी मुलीचं लेखन तिच्यासमोरच मोठ्याने वाचलं आणि तिला नोकरी दिली. पुढे याच मुलीने ‘वन लाइफ टु लिव्ह’ आणि ‘ऑल माय चिल्ड्रन’ उभ्या केल्या.

निक्सन यांच्या कामातला १९६२ चा प्रसंग मी नव्या लेखक मुलामुलींना आवर्जून सांगते. एक मैत्रीण कर्करोगाने गेल्यावर त्यांना वाटलं की पॅप तपासणीची, म्हणजे गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग लवकर ओळखणाऱ्या तपासणीची गोष्ट बायकांपर्यंत पोचली पाहिजे. ‘गायडिंग लाइट’मधली बर्ट बाउर ही सर्वांच्या ओळखीची बाई. तिला गर्भाशयाचा कर्करोग होतो आणि तो वेळेत सापडतो, असं कथानक त्यांनी मांडलं. खर्च उचलणाऱ्या साबण कंपनीने आणि वाहिनीने परवानगी दिली, पण अट घातली: कर्करोग, गर्भाशय आणि ते काढून टाकण्याची शस्त्रक्रिया, यांपैकी एकही शब्द उच्चारायचा नाही. निक्सन यांनी ते शब्द न वापरता कथानक लिहून दाखवलं. मी त्या भागांची कल्पना करते तेव्हा मला आमच्याकडच्या दुपारच्या पडवीतलं, ओसरीतलं बोलणं आठवतं. ‘तिकडचं दुखणं’, ‘पिशवीचा त्रास’ असं बोलून बायकांनी एकमेकींना केवढी वैद्यकीय माहिती दिली आहे! निक्सन यांना ही भाषा आतून कळली होती. त्यांना २०१० साली डेटाइम एमीचा जीवनगौरव मिळाला. मला तो फार उशिरा दिलेला वाटतो.

अठरा वेळा हरण्याचं कारण लूचीचा अभिनय कमी पडला असं कुणी म्हणेल. मला कारण वेगळं दिसतं, आणि ते मला महत्त्वाचं वाटतं. या पुरस्कारांची पद्धत अशी की वर्षभरात केलेल्या कामातून काही निवडक भाग परीक्षकांकडे पाठवायचे. परीक्षक तेवढे बघून गुण देतात. नियम अधूनमधून बदलले, कधी अख्खे भाग, कधी कापून जोडलेले प्रसंग, पण गाभा तोच राहिला. वर्षाला अडीचशेच्या आसपास भाग होतात आणि त्यांतले एक-दोन परीक्षकांच्या पुढ्यात जातात.

घरच्या रोजच्या स्वयंपाकाची परीक्षा एका सणाच्या ताटावरून घ्यावी, तसं हे आहे. सणाचं ताट चांगलंच होतं, त्यात सगळे जीव ओततात. पण मंगळवारी, घरात फक्त दोन वांगी असताना जे केलं जातं, ते हात ओळखायची खरी जागा.

निवडलेल्या भागात काय असतं? मोठा आक्रोश, मृत्यू, कबुलीजबाब, न्यायालयातला प्रसंग. तिथे चांगला नट चांगलाच दिसतो. पण एरिका केन म्हणजे काय होतं? १९७० च्या जानेवारीत तेवीस वर्षांची सुझन लूची शाळकरी, हट्टी, बापाच्या मायेला आसुसलेली पोर म्हणून पाइन व्हॅली या काल्पनिक गावात आली. १९७३ मध्ये, गर्भपाताला कायद्याने मान्यता मिळाल्याच्या वर्षातच, या एरिकाने गर्भपात करून घेतला आणि तोही आजारपणामुळे नव्हे, तिला मूल नको होतं म्हणून. मग लग्नं, घटस्फोट, व्यसन, लेकीशी भांडणं. बघणाऱ्या बाईला १९८५ मधली एरिका खिडकीशी नुसती उभी दिसली तरी १९७३ ची एरिका तिच्यामागे दिसे. हे पंधरा वर्षांचं ओझं खांद्यावर घेऊन नुसतं उभं राहणं, हा मालिकेतल्या अभिनयाचा खरा पराक्रम. आणि दोन भागांच्या टेपवर नेमका तोच उमटत नाही. ज्याने मागचे भाग पाहिले नाहीत त्याला खिडकीशी उभी असलेली एक देखणी बाई दिसेल, बस्स.

म्हणून १९९९ च्या त्या टाळ्या इतका वेळ चालल्या असं मला वाटतं. परीक्षकांनी काही भागांना पुरस्कार दिला. उरलेल्या हजारो भागांचा पुरस्कार सभागृहाने उभं राहून दिला.

त्याआधीच्या वर्षांत लूचीच्या हरण्याचं देशभर हसू झालं होतं. एका साखरेच्या पर्यायाच्या जाहिरातीत तिने स्वतःच त्या हरण्यावर अभिनय केला. १९९० मध्ये ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या विनोदी कार्यक्रमाची सूत्रं तिच्याकडे होती, तेव्हा सेटवरचे कामगारही हातात एमी घेऊन फिरताना दाखवले. तिने ते सगळं हसून निभावलं. मला त्यात तिचा कणा दिसतो. १९७८ च्या पहिल्या नामांकनापासून एकवीस वर्षं त्या सभागृहात नटूनथटून जायचं, कॅमेरा आपल्या चेहऱ्यावर असताना दुसरीचं नाव ऐकायचं, टाळ्या वाजवायच्या आणि सोमवारी कामावर जायचं.

या कलेत आणखी एक गोष्ट घडते, ती दुसऱ्या कुठल्याही अभिनयात घडत नाही. नटाचं शरीर आणि पात्राचं शरीर एकत्र म्हातारं होतं. बर्ट बाउरचं काम करणाऱ्या चॅरिटा बाउर १९५० मध्ये, मालिका रेडिओवर असतानाच, त्यात आल्या. ऐंशीच्या दशकात त्यांचा पाय खरोखर कापावा लागला. लेखकांनी तो बर्टचाही कापला, आणि चॅरिटा कृत्रिम पायावर चालायला शिकल्या त्या कॅमेऱ्यासमोर. ‘द यंग अँड द रेस्टलेस’मधल्या जीन कूपर यांनी १९८४ मध्ये चेहऱ्यावर शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा त्यांच्या पात्राने, कॅथरीन चॅन्सलरने, तीच शस्त्रक्रिया प्रेक्षकांसमोर करून घेतली. त्यांना प्रमुख अभिनेत्रीचा पुरस्कार पहिल्यांदा मिळाला तो २००८ मध्ये, वयाच्या ७९ व्या वर्षी. हा निकाल मला लूचीच्या निकालाइतकाच प्रिय आहे. ७९ वर्षांच्या बाईला ‘प्रमुख’ भूमिका असते, हेच मुळात रात्रीच्या टीव्हीला सहसा जमत नव्हतं.

आणि मृत्यू. एरिकाच्या आईचं काम करणाऱ्या फ्रान्सिस हेफ्लिन १९९४ मध्ये वारल्या. मालिकेतली आईही झोपेत गेली. ‘द यंग अँड द रेस्टलेस’मधला क्रिस्टॉफ सेंट जॉन २०१९ च्या फेब्रुवारीत अचानक गेला, आणि त्याच्या नील विंटर्स या पात्राला निरोप देणारे भाग एप्रिलमध्ये लागले. त्यात नीलच्या भावाचं काम करायला शेमार मूर परत आला. लूचीचं नाव वाचणारा तोच. त्या भागांत जे रडत होते ते पात्रं म्हणून रडत होते की सहकारी म्हणून, हे मला सांगता येणार नाही, आणि मला वाटतं त्यांनाही सांगता आलं नसतं. असे भाग लिहिणाऱ्याची काय अवस्था होत असेल ते मी समजू शकते. आमच्या एका मालिकेतले ज्येष्ठ नट गेले तेव्हा पुढच्या आठवड्याच्या सीनमधून त्यांचे संवाद मीच काढले होते. प्रत्येक ओळ काढताना ती त्यांच्या आवाजात ऐकू येत होती.

माझी एक मावशी लग्न होऊन १९७९ मध्ये न्यू जर्सीला गेली. काका कामावर, घरात दुसरं माणूस नाही, नोकरीचा परवाना नाही. तिची दुपार ‘जनरल हॉस्पिटल’वर निघायची. १९८१ च्या नोव्हेंबरात त्या मालिकेतल्या ल्यूक आणि लॉराचं लग्न लागलं. अमेरिकेत सुमारे तीन कोटी लोकांनी ते पाहिलं. त्या महिन्यात मावशीचा आईला आलेला एरोग्राम अर्धा त्या लग्नानेच भरलेला होता. लॉराचा पोशाख, पाहुणे, कुणी मध्येच येऊन काय घातपात केला, सगळं. आई ते पत्र शेजारच्या काकूंना वाचून दाखवायची, आणि काकू विचारायच्या, “मग सासरी कोण कोण आहे तिच्या?”

पुढे मी या क्षेत्रात आल्यावर मावशीला त्याबद्दल विचारलं. कारण तोवर मला कळलं होतं की या प्रेमकथेची सुरुवात बलात्काराने झाली होती. १९७९ मध्ये ल्यूकने लॉरावर अत्याचार केला आणि लेखकांनी पुढे त्याचंच प्रेम केलं. मावशी म्हणाली, “अगं, तेव्हाही मला ते रुचलं नव्हतं. पण आम्ही चौघी फोनवर बोलायचो त्यात एकीनेही ते तोंडातून काढलं नाही. लग्नाचंच बोलत राहिलो.” त्या मालिकेने १९९८ मध्ये तो अत्याचार पुन्हा समोर आणला आणि त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारली. ल्यूकचं काम करणाऱ्या अँथनी गिअरीला प्रमुख अभिनेत्याची एमी आठ वेळा मिळाली, इतरांपेक्षा जास्त. तो मोठा नट होता याबद्दल मला शंका नाही. लेखकांचा तो निर्णय मात्र मी अक्षम्य मानते. रोज भेटणाऱ्या माणसाला प्रेक्षक हळूहळू सगळं माफ करतात. ही या माध्यमाची ताकद आपल्या हातात आहे हे लेखकाने कधी विसरायचं नसतं. आमच्याकडेही थोबाडीत मारणारे नायक वर्षभरात लाडके जावई होतात, आणि ते लिहायला मी नकार दिला आहे.

आपल्याकडे ही दुपार उशिरा आली. १९९४ मध्ये दूरदर्शनवर ‘शांती’ दुपारी लागू लागली, मग ‘स्वाभिमान’. सह्याद्रीवर प्रतीक्षा लोणकरांची ‘दामिनी’ दुपारीच लागायची. त्याच दशकात केबलवर ‘द बोल्ड अँड द ब्युटिफुल’ आली आणि घरातल्या मोठ्यांसमोर चॅनल बदलण्याची आम्हा कॉलेजच्या मुलींना सवय लागली. आता मराठी वाहिन्यांनी दुपारचा वेळ पुन्हा उघडला आहे. आणि आपल्याकडे मालिकांचे पुरस्कारही आहेत, भरपूर. वाहिनी आपल्याच मालिकांना देते: सर्वोत्कृष्ट सासू, सून, जोडी, खलनायिका, कुटुंब. त्या रात्री कलाकार नाचतात, प्रेक्षक मतं देतात, घरात उत्साह असतो. मला ते सोहळे आवडतात. पण त्यात समव्यावसायिकांनी, म्हणजे दुसऱ्या वाहिनीवर काम करणाऱ्या नटाने, दिग्दर्शकाने, संकलकाने बसून आपलं काम पाहणं नसतं. डेटाइम एमीची सगळी कमतरता मान्य करूनही तिथे हे होतं. आणि तिथे लेखनाचा पुरस्कार अख्ख्या संघाला मिळतो. मुख्य लेखक कथेची लांब रेषा आखतो, दुसरे भागागणिक प्रसंग बांधतात, तिसरे संवाद लिहितात. आपल्याकडची कथा, पटकथा, संवाद ही विभागणी जवळपास अशीच आहे. तिकडे ती सगळी नावं पुरस्काराच्या यादीत छापली जातात. वेशभूषा, केशभूषा, प्रकाशयोजना, पात्रनिवड, सगळ्यांना वेगळा पुरस्कार असतो.

अमेरिकेतली ती दुपार आता आक्रसली आहे. १९६९-७० मध्ये एकाच वेळी एकोणीस सोप चालू होते. बायका नोकरीला लागल्या, वाहिन्या वाढल्या, आणि गप्पांचे, पाककृतींचे कार्यक्रम स्वस्तात होऊ लागले. १९९५ मध्ये माजी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसनवरच्या खुनाच्या खटल्याने कित्येक महिने दुपार व्यापली, आणि सवय मोडलेले बरेच प्रेक्षक परतलेच नाहीत. ‘ऑल माय चिल्ड्रन’ २०११ च्या सप्टेंबरात बंद झाली, एकेचाळीस वर्षांनी. २०१४ मध्ये डेटाइम एमीचा सोहळा टीव्हीवर लागलाच नाही, फक्त इंटरनेटवर दिसला, आणि २०१६ मध्ये तर कुठेच नाही. टीव्हीच्या कामाचा गौरव टीव्हीने दाखवायचं नाकारलं, तेव्हा त्या सभागृहात बसलेल्यांना काय वाटलं असेल! तरी ते जमले, नावं वाचली, टाळ्या वाजवल्या. २०२३ च्या डिसेंबरात लूचीला जीवनगौरव मिळाला आणि तो द्यायला पुन्हा शेमार मूरच आला. २०२५ मध्ये ‘बियाँड द गेट्स’ सुरू झाली. कित्येक वर्षांनी आलेली नवी दुपारची मालिका, आणि तिच्या केंद्रस्थानी एक श्रीमंत कृष्णवर्णीय कुटुंब.

आपल्याकडे मालिकांसाठी समव्यावसायिकांचा पुरस्कार सुरू करायचा झाला, तर माझी एक सूचना आहे. निवडलेले भाग मागवूच नयेत. परीक्षकांनी प्रत्येक मालिकेसाठी चिठ्ठी टाकून एक महिना काढावा आणि त्या महिन्याचे सगळे भाग बघावेत. त्यात महाएपिसोड आला तर आला, नाहीतर नुसते पोहे आणि फोनवरची बोलणी असलेले भाग बघावेत. बँक, म्हणजे आधी शूट करून ठेवलेल्या भागांचा साठा, संपल्यावर सकाळी शूट होऊन रात्री लागलेला भागही त्यात येईल. मेकअपच्या खुर्चीत पाठ केलेला सीन त्या नटीने कसा उचलला तेही दिसेल. बावीस मिनिटांचे सव्वीस भाग म्हणजे साडेनऊ तास होतात. एका मालिकेसाठी दोन रविवार पुरतील.